सुटली वं आपली बाई

प्रेमिला गजभियेला आनंद झाला की रडू येतं. दुःखात ही बाई खडखडीत असते. नवरा गेला तेव्हा आलेल्या माणसांना चहा तिनंच पाजला. पण कुणाची सोयरीक जमली, कुणाचं पोरगं पास झालं, की हिचा पदर डोळ्याला लागलाच. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या तिच्या वस्तीत हे लहानथोरांना ठाऊक आहे आणि कुणी त्याचं काही वाटून घेत नाही. बाहेरच्या माणसांना मात्र हे आधी कुणीतरी सांगून ठेवायला हवं होतं. ते राहून गेलं, आणि त्यापायी एका जिवंत बाईची अंत्ययात्रा ठरली.

प्रेमिला धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मावशी आहे. नर्स नव्हे, मावशी. पेशंटला उठवायचं, बसवायचं, अंग पुसायचं, चमच्यानं भरवायचं, वेणी घालायची, हे तिचं काम. निम्मी नोकरी तिची बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. बाहेर व्हरांड्यात सासू, नवरा, नणंदा ताटकळलेल्या असायच्या आणि दार उघडून पहिली बातमी द्यायची ती प्रेमिलानं. ‘सुटली वं, सुखरूप सुटली,’ असं म्हणायचं, रडायचं, हातावर ठेवलेला पेढा खायचा आणि परत आत जायचं. आता कैदी तुरुंगातून सुटतो, एसटी स्टँडवरून सुटते, आणि फार दिवस अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं तर त्यालाही आपण ‘सुटला बिचारा’ म्हणतो. हे प्रेमिलाला माहीत नव्हतं असं नाही. पण तिच्या जिभेवर जे सुटणं बसलं होतं ते पेढ्याचं होतं.

पुढे तिला वरच्या मजल्यावरच्या खोल्यांकडे दिलं, आणि यंदाच्या हिवाळ्यात तिथे बायजाबाई आल्या.

बायजाबाई म्हणजे नागपूरजवळच्या खापा गावच्या गायिका. तरुणपणी वस्त्यावस्त्यांच्या स्टेजवर भीमगीतं गायच्या, लग्नात हळदीची गाणी गायच्या, माईक नसला तरी शेवटच्या ओळीतला माणूस मान डोलवायचा. मग काळ बदलला, डीजे आले, बाईंना लोक विसरले. आणि अगदी म्हातारपणी, अंगणात बाजेवर बसून तूर निवडता निवडता त्या गुणगुणत होत्या, ते कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि ग्रुपांवर सोडून दिलं. झालं! अख्ख्या महाराष्ट्रानं बाईंना डोक्यावर घेतलं. ज्यांच्या घरापुढून कुत्रं फिरकत नव्हतं, तिथे सेल्फीसाठी रांगा लागल्या.

प्रेमिलाची ओळख मात्र त्या मोबाईलच्या आधीची. ती लहान असताना बाई इंदोऱ्यात गायला आल्या होत्या. गाणं मध्येच थांबवून त्यांनी समोर बसलेल्या बापांना विचारलं होतं की तुमच्या किती पोरी शाळेत जातात, हात वर करा. प्रेमिलाच्या बापाचा हात खालीच राहिला. घरी येऊन तो माणूस जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पोरीचं नाव शाळेत घातलं. औषधाच्या बाटलीवरचं नाव आज प्रेमिलाला वाचता येतं ते त्या एका थांबण्यामुळे. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि प्रेमिलानं सांगितलंही नाही. तिनं नुसती सेवा केली.

सेवेची गरजही होती. बाईंच्या छातीत न्यूमोनिया भरला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायची सोय नाही, डोळे तेवढे भिरभिरायचे. मुलगा चंद्रभान बाहेरच्या बाकड्यावर बसून असायचा. तिकडे खाप्याला लोकांचा जीव टांगणीला. प्रेमिलाची नणंद जिजा खाप्यालाच दिलेली. ती रोज फोन करून विचारायची की वहिनी, बाई कशा आहेत, आणि प्रेमिला रोज तिला टाळायची. कारण दवाखान्याचा नियम कडक. कारभार पाहणाऱ्या मधुसूदन सरांनी सगळ्या मावश्यांना उभं करून सांगितलं होतं की पेशंटनं सांगितल्याशिवाय त्याची बातमी बाहेर गेली, तर त्याच दिवशी कार्ड जमा करायचं आणि घरी जायचं. प्रेमिलाची पोर पिंकी नर्सिंगला आहे. घर या एका नोकरीवर उभं आहे. ही नोकरी गेली तर पोरीचं शिक्षण अर्ध्यावर, एवढं साधं गणित होतं. म्हणून प्रेमिलानं तोंड शिवून ठेवलं.

पण माणसाच्या तोंडाला किती टाके घालणार? एके दिवशी सकाळी डॉक्टरांनी मास्क काढला, छाती तपासली आणि म्हणाले, आजींना उद्या घरी न्या. चंद्रभान हरखला. खोली झाडून घेतो, खाट उन्हात टाकतो, असं म्हणत मोटरसायकलवर खाप्याला पळाला. बाईंना गाढ झोप लागली. आणि प्रेमिला जिन्यात गेली, पदर डोळ्याला लावला आणि जिजाला बोलून मेसेज पाठवला. हुंदक्यांसकट. तो असा होता:

“जिजा, सुटली वं आपली बाई. एकदाची सुटली. लय हाल झाले तिचे, पाहावत नव्हतं. आता काही तरास नाही तिले, शांत झोपली हाये. चंद्रभान पुढं गेला तयारीले. उद्या सकाळी नेतीन खाप्याले. ज्याले पाहाचं असन त्यानं घरीच या म्हणा.”

आता सांगा, जिजाची काय चूक? आपल्याकडे ध चा मा करण्याची जुनी परंपरा आहे. पण इथे एक अक्षरसुद्धा कुणी बदललं नाही. जिजानं ऐकलं, हातातला घास ताटात टाकला, गळा काढला, आणि गावच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर तो आवाज जसाच्या तसा पाठवून दिला.

तिथून पुढे मात्र ज्याच्या त्याच्या अंगात आलं. पहिल्यानं बाईंचा हार घातलेला फोटो टाकला. हार सत्काराचा होता, पण बघणाऱ्याला काय? दुसऱ्यानं खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. तिसऱ्याला वाटलं वेळ असल्याशिवाय बातमी खरी वाटत नाही, म्हणून त्यानं पहाटेची वेळ घातली. चौथ्यानं अंत्ययात्रा उद्या दहाला, कन्हान नदीच्या घाटावर, असं आपल्या मनानं ठरवून टाकलं. एका पुढाऱ्यानं बाईंशी आपले घरोब्याचे संबंध होते असं लिहिलं. बाईंनी त्याचं तोंड उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि एक महाभाग असा निघाला की त्यानं लिहिलं, दवाखाना मरण लपवून राहिला आहे, पण आतल्या मावशीनं रडत रडत खरं सांगितलं, ऐका. म्हणजे प्रेमिलाचे आनंदाचे हुंदके हाच पुरावा झाला! बरं, यातल्या एकालाही फोन उचलून विचारावंसं वाटलं नाही की बाप्पा, खरं आहे का हे. पाठवायला अंगठा लागतो, विचारायला जीभ उचलावी लागते.

दुपारी प्रेमिला बाईंना मुगाची खिचडी भरवत होती, तेव्हा तिचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. बोलणारी मुलगी नूपुर नावाची, एका वर्तमानपत्रात काम करणारी. फिरत आलेली बातमी खरी की खोटी हे तपासणं हेच तिचं काम. तिची रीत साधी होती. ज्यानं मेसेज पाठवला त्याला विचारायचं की तुला कुणी पाठवला, मग त्याला गाठायचं, मग त्याच्या आधीच्याला. असं एकेकाला विचारत ती जिजापर्यंत आली होती, आणि जिजानं रडत रडत वहिनीचा नंबर दिला होता.

नूपुरनं हळूच विचारलं, “मावशी, बायजाबाई गेल्या का हो?”

“अजून कुठं?” प्रेमिला म्हणाली. “उद्या सकाळी जातीन.”

मग त्या पोरीनं डोकं चालवलं.

“आत्ता काय करताहेत?”

“जेवून राहिल्या. मीठ कमी हाये म्हणते.”

एवढं बोलल्यावर प्रेमिलाला नियम आठवला आणि तिनं घाबरून फोनच बंद केला. नूपुरला जे हवं होतं ते मिळालं, पण प्रेमिलाला काही उमगलं नाही. तिनं बाईंचं तोंड पुसलं, त्यांना उशीला टेकवलं आणि ती चहा प्यायला खाली उतरली.

फाटकाबाहेर ही गर्दी. टपरीवर एक ऑटोवाला फोन कानाशी धरून डोळे पुसत होता. प्रेमिलानं विचारलं, काय झालं भाऊ? त्यानं आवाज मोठा करून फोन तिच्यापुढे धरला. त्यातून कुणी बाई हमसून हमसून सांगत होती की सुटली, एकदाची सुटली, उद्या सकाळी नेतीन. फोनमधला आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो. प्रेमिलालाही ओळखू आला नाही. तिला एवढंच कळलं की आपण चहाला उतरलो तेवढ्यात बाई गेल्या. मायबाई, आत्ता तर खिचडी खाल्ली होती! कप तिथेच टाकून ती जिना चढत सुटली, छाती फुटायची पाळी आली, आणि दार लोटलं तर बायजाबाई पलंगावर बसून चष्मा शोधत होत्या.

स्वतः सोडलेल्या अफवेवर सगळ्यात जास्त विश्वास कुणी ठेवला असेल, तर तो प्रेमिलानं.

मग तिनं आपला फोन उघडला, जिजाचे ढीगभर मेसेज पाहिले, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं की ती रडणारी बाई आपणच. त्यात जिजानं लिहिलं होतं की खाप्यात चंद्रभानच्या दारात माणसं जमली, त्याला मिठ्या मारून रडायला लागली, आणि तो पोरगा खाट अंगणात तशीच टाकून रडत मोटरसायकलवर नागपूरला निघाला आहे. फोन उचलत नाही. त्या वेड्या रस्त्यावर, ट्रकांच्या गर्दीत, भरल्या डोळ्यांनी. प्रेमिलाला नोकरीचं नंतर आठवलं, आधी तिला तो दिसला. आपल्या एका शब्दानं त्या पोराचं काही बरंवाईट झालं तर, या विचारानं ती जागच्या जागी बसली.

खाली मधुसूदन सरांनी दवाखान्याच्या कागदावर लिहून फाटकाला लावलं की पेशंटची प्रकृती उत्तम आहे, उद्या घरी सोडणार. लोकांनी वाचलं आणि म्हणाले, असंच लिहिणार ना हे. आम्ही मावशीचा आवाज कानानं ऐकला आहे. सरांनी वर येऊन एकेकीला विचारलं की आवाज कुणाचा. आता त्या मजल्यावर प्रेमिलाचा आवाज कोण ओळखत नाही? पण एकजात सगळ्या सिस्टर, सगळ्या मावश्या म्हणाल्या, ओळखू नाही येत सर, रडून बोलते ना. प्रेमिलानं खाली मान घातली. त्या पोरींचे उपकार ती आजही बोलून दाखवते.

तेवढ्यात नूपुर येऊन पोचली. चंद्रभानही पोचला, धुळीनं माखलेला. तो आईच्या पायावर पडून असा ओरडला की वॉर्ड गोळा झाला. बाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि खरखरत्या आवाजात विचारलं की खाट उन्हात टाकली का. प्रेमिलानं भिंतीला टेकून डोळे मिटले. पोरगा धडधाकट होता, एवढ्यावर तिचं निम्मं ओझं उतरलं.

नूपुरनं मायलेकांचा व्हिडिओ काढून सोडला. लोक म्हणाले, जुना आहे. तिनं पुन्हा काढला, त्यात बाईंनी आजची तारीख सांगितली. लोक म्हणाले, हल्ली एआयनं मेलेलं माणूस पण बोलतं करतात. मग त्या पोरीनं फोन खिशात घातला, प्रेमिलाला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, लोकांचा विश्वास कागदावर नाही, व्हिडिओवर नाही, तुमच्या त्या आवाजावर आहे. तुमचं नाव मी छापणार नाही. पण गर्दी वाढते आहे, खाली दगड हातात घेतलेली पोरंही पाहिली मी.”

पुढचं तिनं काही सांगितलं नाही. प्रेमिलाला कळलं. तोंड उघडलं तर सर समोरच उभे, कार्ड जमा. नाही उघडलं तर रात्र व्हायच्या आत काचा फुटतील, आणि खालच्या मजल्यावर आजही कुणीतरी बाळंतीण अडलेली असणार. तिनं पिंकीचा विचार केला, डोळे पुसले, आणि बाईंना व्हीलचेअरवर बसवून, शाल लपेटून, फाटकावरच्या गॅलरीत नेलं. मधुसूदन सर मागून अहो अहो म्हणत धावले.

खाली लोकांनी वर पाहिलं. बाईंनी हात हलवला. तरी कुजबुज चाललीच होती, कोणी म्हणत होतं दुसरीच म्हातारी बसवली आहे. बाई बोलल्या, पण घशातून वाफ निघावी तेवढाच आवाज निघाला. आयुष्यभर माईकशिवाय गायलेली बाई, आणि फाटकापर्यंत तिचा शब्द जाईना. प्रेमिलानं त्यांच्या तोंडाशी कान नेला, आणि मग सरळ होऊन, बाळंतिणींच्या व्हरांड्यात द्यायची तसा आवाज दिला.

“बाई म्हणते, उद्या दहाले माही अंत्ययात्रा हाये असं ऐकलं. मी येईन म्हणते. पण पायी येईन.”

आणि म्हणताना तिला रडू फुटलं. खालून तो ऑटोवाला ओरडला की अरे हाच तो आवाज, हीच ती मावशी! गर्दीत एकदम गलका झाला. फोन वर झाले. प्रेमिला गॅलरीच्या कठड्याला धरून, हुंदके देत, आपली चूक आपल्या तोंडानं सांगत सुटली. “मीच म्हटलं होतं, सुटली. बिमारीतून सुटली म्हटलं होतं मी! आमच्यात बाळंतीण सुटते तशी! कोणी मेलं नाही गा, मी खुशीनं रडत होती!”

मग कुणीतरी हसलं, आणि ते हसू फाटकापासून टपरीपर्यंत गेलं. हार घेऊन आलेल्यांनी हार वर फेकले, अर्धे विजेच्या तारेवर अडकले. दगडवाली पोरं कधी पांगली ते दिसलंही नाही. ज्यांनी बातमी पसरवली होती त्यांनी आता हे पसरवायला घेतलं, आणि जो तो म्हणू लागला, मला तर आधीच शंका होती. घ्या! पुढाऱ्यानं श्रद्धांजली काढून दीर्घायुष्याच्या शुभेच्छा टाकल्या.

गर्दी ओसरली, बाईंना परत पलंगावर निजवलं. प्रेमिलानं गळ्यातलं कार्ड काढून हातात धरलं आणि मधुसूदन सरांपुढे केलं. नियम तिला पाठ होता आणि सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांचाही चेहरा पडला होता. त्यांनी कार्डासाठी हात पुढे केला, तेव्हा पलंगावरून तो खरखरता आवाज आला.

“साहेब, मीच सांगितलं होतं तिले. खाप्याले कळव म्हून.”

सर थबकले. पेशंटनंच सांगितलं असेल तर नियम मोडला असं होत नाही. ते बाईंकडे बघत राहिले, मग प्रेमिलाकडे, मग नूपुरकडे. नूपुर, जिचं कामच बोललेल्या शब्दाची छाननी करणं, तिनं वही मिटली आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. सरांनी हात मागे घेतला. म्हणाले, उद्यापासून मेसेज लिहून पाठवा मावशी, बोलून नको, आणि चष्मा पुसत निघून गेले.

दार बंद झाल्यावर प्रेमिला पलंगाजवळ गेली. ती म्हणाली, “बाई, तुमच्या तोंडाले तर मास्क होता. तुम्ही काही नाही बोलल्या मले. माह्यासाठी काहून खोटं बोलल्या?”

बायजाबाईंनी तिचं मनगट धरलं. धाप लागत होती, तरी एकेक शब्द सावकाश उच्चारला.

“खोटं कायचं वं? तू अंग पुसाले येत होती, तवा मी रोज तुहा हात दाबत होती. काय म्हणत होती मी? माह्या गावाले सांग, मी आहो अजून. तुले समजलं नसन. पण सांगितलं तर तूच.”

प्रेमिलाला रोजचा तो हाताचा दाब आठवला. तिला वाटायचं, म्हातारीला भीती वाटते, आधार धरते. तिनं कार्ड पुन्हा गळ्यात घातलं, बाईंच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला, आणि हळूच दाबला.